विज्ञान-प्राध्यापकांचे प्रशिक्षण

विज्ञान-प्राध्यापकांचे प्रशिक्षण : विज्ञानाच्या पदव्युत्तर व संशोधक विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय वर्गांत परिणामकारकपणे शिकविता यावे, यासाठी दिले जाणारे अध्यापनाचे पद्धतशीर शिक्षण. व्याख्यानाची आखणी, प्रयोगशाळेतील मार्गदर्शन, विद्यार्थ्यांच्या चुकीच्या पूर्वकल्पनांचा शोध, प्रश्नांची रचना व मूल्यमापन ही त्याची प्रमुख अंगे होत. विषयाचे ज्ञान आणि तो शिकविण्याचे कौशल्य या भिन्न गोष्टी आहेत, हे तत्त्व शालेय शिक्षणात लवकर मान्य झाले; उच्च शिक्षणात त्याला फार काळ लागला.

महाराष्ट्रात हा फरक स्पष्ट दिसतो. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली, तर माध्यमिक शिक्षकांसाठी मुंबईत प्रशिक्षण महाविद्यालय १९०६ मध्ये निघाले. पुढे शाळेतील शिक्षकाला अध्यापनाची स्वतंत्र पदवी आवश्यक ठरली. महाविद्यालयीन अध्यापकाला मात्र पदव्युत्तर पदवी हीच पुरेशी पात्रता मानण्यात आली. एम्.एस्‌सी. झालेला विद्यार्थी डेमॉन्स्ट्रेटर म्हणून प्रयोगशाळेत उभा राही आणि वरिष्ठांचे पाहून शिकविण्यास शिके. ही उमेदवारी उपयुक्त असली, तरी तिला निश्चित अभ्यासक्रम नव्हता आणि तिचा दर्जा त्या त्या विभागातील वरिष्ठांवर अवलंबून असे. कालांतराने डेमॉन्स्ट्रेटरचे पदही मागे पडले.

स्वातंत्र्योत्तर काळात विज्ञानशिक्षणाच्या सुधारणेकडे लक्ष वेधले गेले. १९६० नंतरच्या दशकात अध्यापकांसाठी उन्हाळी शिबिरे भरू लागली. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७० मध्ये महाविद्यालयीन विज्ञान-सुधारणा कार्यक्रम हाती घेतला. या उपक्रमांचा भर मुख्यतः अभ्यासक्रम, प्रयोग व विषयज्ञान अद्ययावत करण्यावर होता. शिवाय ते सेवेतील अध्यापकांसाठी होते. भावी अध्यापक असलेला विद्यार्थी त्यांच्या कक्षेबाहेरच राहिला.

१९७४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने आणि सर दोराबजी टाटा न्यासाच्या साहाय्याने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. भा. मा. उदगावकर यांचा त्याच्या उभारणीत पुढाकार होता, तर वि. गो. कुलकर्णी यांनी प्रारंभीच्या काळात त्याचे नेतृत्व केले. खिरोदा (जि. जळगाव) परिसरातील शाळांत केंद्राने केलेल्या कामातून पाठ्यपुस्तकांतील क्लिष्ट भाषा हाच विज्ञान समजण्यातील एक मोठा अडथळा असल्याचे दिसून आले. हे काम शालेय स्तरावरील असले, तरी त्याचा बोध उच्च शिक्षणालाही लागू पडतो : शिकणाऱ्याची अडचण नेमकी कोठे आहे, हे केवळ विषयज्ञानाने कळत नाही, ते वर्गात शोधावे लागते. केंद्रात विज्ञानशिक्षण या विषयात पीएच्.डी.चे संशोधन होते. पदवी स्तरावरील विद्यार्थी व अध्यापक यांच्यासाठी केंद्राने २००४ मध्ये राष्ट्रीय पदवी-विज्ञान उपक्रम सुरू केला.

राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार (१९८६) विद्यापीठांत अध्यापक-प्रबोधिनी स्थापन झाल्या. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर इ. विद्यापीठांत त्या सुरू झाल्या. नवनियुक्तांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि नंतर तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग, अशी त्यांची रचना होती. हे वर्ग पदोन्नतीशी जोडले गेल्याने उपस्थिती निश्चित झाली. परंतु प्रशिक्षण नेमणुकीनंतरच मिळे. अध्यापकपदासाठी १९८९ पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षा घेण्यात येऊ लागली. तिच्यात मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे यांच्या उमेदवारांना अध्यापन-अभिक्षमतेवर प्रश्न असतात. विज्ञान विषयांच्या संयुक्त परीक्षेतील सामान्य विभाग मात्र तर्क, गणन व संशोधन-अभिक्षमता यांवर केंद्रित आहे. म्हणजे विज्ञानाच्या उमेदवाराची शिकविण्याची क्षमता या टप्प्यावरही तपासली जात नाही. महाराष्ट्राच्या राज्य पात्रता परीक्षेत अध्यापनविषयक पहिली प्रश्नपत्रिका सर्व विषयांना समान आहे.

पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, संशोधक विद्यार्थ्यांकडे प्रयोगवर्ग व शंकानिरसनाचे वर्ग सोपविण्याची प्रथा जुनी आहे. तेथे १९९३ मध्ये भावी प्राध्यापकांच्या तयारीचा संघटित कार्यक्रम सुरू झाला. हार्व्हर्ड विद्यापीठातील भौतिकीविज्ञ एरिक मझूर यांना आपले विद्यार्थी अवघड गणिते सोडवितात, पण मूलभूत संकल्पनांवरील साध्या प्रश्नांत चुकतात, असे आढळले. त्यावरून त्यांनी १९९१ पासून विद्यार्थ्यांच्या परस्परचर्चेवर आधारलेली पद्धत अवलंबिली. विज्ञान, अभियांत्रिकी व गणित यांच्या पदवीवर्गांविषयीच्या २२५ अभ्यासांचे विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार केवळ व्याख्यानांच्या वर्गांत अनुत्तीर्णांचे सरासरी प्रमाण सु. ३४ टक्के, तर सक्रिय सहभागाच्या वर्गांत सु. २२ टक्के होते.

भारतात २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पीएच्.डी.च्या विद्यार्थ्यांना अध्यापनशास्त्राचे शिक्षण देण्याची शिफारस केली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी ते सर्व शाखांत आवश्यक केले. प्रयोगवर्ग, शंकानिरसन व मूल्यमापन यांसाठी आठवड्याला चार ते सहा तासांचे काम देण्याचीही तरतूद केली. प्रशिक्षण नेमणुकीपूर्वी, विद्यार्थिदशेतच व्हावे, हे तत्त्व अशा रीतीने नियमात आले.

त्याच्या अंमलबजावणीतील अडचण नवी मुंबईच्या रचनेवरून ध्यानात येते. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आणि नवीन पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्था यांत संशोधक विद्यार्थी घडतात. पदवीचे वर्ग मात्र वाशी, नेरुळ इ. ठिकाणच्या महाविद्यालयांत भरतात. ही महाविद्यालये मुख्यतः मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, तर खारघरची संस्था होमी भाभा राष्ट्रीय संस्था या अभिमत विद्यापीठाचा भाग आहे. ज्याला उद्या प्रथम वर्षाचा वर्ग शिकवावयाचा, त्याच्या संशोधनसंस्थेत तो वर्गच नसतो. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ठाण्याच्या खाडीच्या पश्चिमेस मानखुर्द येथे आहे. खाडीपूल ओलांडताच वाशी लागते. संशोधनसंस्था, महाविद्यालये व विज्ञानशिक्षणाचे केंद्र एकमेकांच्या इतक्या जवळ असल्याने संशोधक विद्यार्थ्यांना जवळच्या महाविद्यालयांत, अनुभवी अध्यापकांच्या देखरेखीखाली, नियमित वर्ग देणे येथे शक्य आहे. अशी सोय झाली नाही, तर विनियमांतील तासांची नोंद कागदावर होईल. पण वर्गात विद्यार्थ्याला पडलेली शंका ओळखण्याचा सराव भावी अध्यापकाला मिळणार नाही.