ढिगाचे गणित

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला भूकंप झाला आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातही जमीन हलली. एवढ्या मोठ्या धक्क्यामागे तेवढेच मोठे, वेगळे कारण असणार, असे मनाला वाटते. ते तसे असायलाच हवे का, या शंकेतून जटिल प्रणालींचे शास्त्र सुरू होते. बीड, अंबाजोगाई, परळीच्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकणाऱ्यांना त्याची ओळख व्हावी, म्हणून हे पुस्तक.

१९८७ मध्ये पेर बाक, चाओ तांग आणि कर्ट वायझनफेल्ड यांनी वाळूच्या ढिगाचे प्रारूप मांडले. चौकटींचा कागद घ्या आणि वाटेल त्या चौकटीत एकेक कण टाकत जा. कुठे चार जमले की ती चौकट ढासळते, चारही शेजाऱ्यांना एकेक कण देते. कडेचे कण कागदाबाहेर जातात. नियम एवढाच. बराच वेळ विशेष काही घडत नाही. मग तोच एक कण कधी दोनच चौकटी ढासळवतो, कधी जवळजवळ सगळा कागद. लहान घसरणी पुष्कळ, मोठ्या विरळ. भूकंपांतही तीव्रता एका अंकाने वाढली की संख्या साधारण दहापटीने घटते. या साम्याने काही सिद्ध होत नाही, पण विचाराला वाट मिळते.

या प्रारूपाचे नेमके गणित मुंबईत उलगडले. अलाहाबाद, कानपूर आणि कॅलटेक इथे शिक्षण घेऊन भौतिकशास्त्रज्ञ दीपक धर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि कारकिर्दीचा मोठा काळ तिथेच राहिले. पुढे ते पुण्याच्या आयसरमध्ये गेले. चौकटी कोणत्याही क्रमाने ढासळवा, शेवटची मांडणी तीच येते, हे त्यांनी १९९० मध्ये दाखवले आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या मांडण्या मोजायची रीतही दिली. २०२२ चे बोल्ट्झमन पदक त्यांना जॉन हॉपफील्ड यांच्यासह मिळाले. हे पदक मिळवणारे ते पहिले भारतीय. महागडी उपकरणे नसताना हे घडले, हे आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

दिवाळीच्या सुमारास बीडमधून ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या, मुकादम, आगाऊ घेतलेली उचल, कारखाने यांचेही एक जाळे आहे. पाऊस हुकला की ते कसे बदलते, हा प्रश्न आपलाच आहे. मात्र वाळूचा कण कर्ज काढत नाही, लेकरू गावी ठेवून जात नाही. प्रारूप करणाऱ्याने हा फरक आधी मांडावा.

सुरुवात तीन बाय तीन चौकटींच्या कागदापासून करा. प्रत्येक चौकटीत तीन कण ठेवा, मधल्या चौकटीत आणखी एक टाका, आणि ढासळवण्याचा क्रम दरवेळी बदलून पाहा.