बापाच्या कार्डावरचा मुलगा

अंबरनाथला लोकल थांबली की गर्दी दोन बाजूंना फुटते. पश्चिमेला ऑर्डनन्स फॅक्टरीची वसाहत आहे. पूर्वेला १०६० सालचं शिवमंदिर, त्याच्या आसपास वाढत गेलेलं गाव आणि त्यापलीकडे आनंदनगर एमआयडीसी. आता असं धरू की दोन्ही बाजूंना बावीस वर्षांचा एकेक मुलगा आहे. दोघं शिकतायत, दोघांची कमाई शून्य. पश्चिमेच्या मुलाचे वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत आहेत, पूर्वेच्या मुलाचे वडील एमआयडीसीतल्या एका कंपनीत महिना १८,००० रुपयांवर.

पावसाळ्यात दोघांना डेंगी झाला, तर पश्चिमेच्या मुलाला वडिलांच्या नोकरीवर उपचार मिळतात. पूर्वेच्या मुलाला मिळत नाहीत. त्याचे वडील दर महिन्याला ईएसआयसीची वर्गणी भरतात, मालकही भरतो. पण मुलगा एकवीस वर्षांचा झाला त्या दिवशी तो त्या कार्डावरून उतरला.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्याचा मुलगा पंचवीस पूर्ण होईपर्यंत, किंवा कमावायला लागेपर्यंत, किंवा त्याचं लग्न होईपर्यंत, यांतलं जे आधी घडेल तोवर वडिलांवर अवलंबून मानला जातो. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून त्याच्या सात कंपन्या झाल्या, तरी प्रतिनियुक्तीवर गेलेल्या जुन्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्याच राहिल्या. ईएसआयच्या कायद्यात मात्र शिकणाऱ्या मुलाची मर्यादा एकवीस आहे. ही चार वर्षं कुठून आली, हा मला पडलेला प्रश्न. त्याचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं.

१९४३ च्या मार्चमध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे एक काम आलं: भारतातल्या औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना तयार करायची. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. युद्ध चालू होतं, ब्रिटनमध्ये बेव्हरिजचा अहवाल नुकताच गाजला होता, आणि त्याच्याही साठ वर्षं आधी, १८८३ मध्ये, बिस्मार्कच्या जर्मनीनं कामगारांसाठी आजारपणाचा विमा आणला होता. आडारकरांनी ऑगस्ट १९४४ मध्ये अहवाल दिला. त्यांची योजना मुद्दाम आटोपशीर होती: कापड, अभियांत्रिकी आणि खनिज-धातू हे तीन उद्योग, आणि विमा कामगाराचा. आजारी पडला की त्याचा पगार बुडतो आणि औषधाला पैसे लागतात, या दुहेरी माराला उत्तर द्यायचं होतं. बायको-मुलं अजून चित्रात नव्हती.

कायदा झाला एप्रिल १९४८ मध्ये. त्याच वर्षी जुलैत ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तिथे मुलगा कोणाच्या कार्डावर हा प्रश्नच संपला, कारण उपचार रहिवाशाला होता, नोकरदाराला नव्हता. आपण नोकरीचा रस्ता धरला. त्या काळात दुसरं काही परवडलं असतं असं मला वाटत नाही, त्यामुळे आडारकरांना दोष देण्यात अर्थ नाही. पण नोकरीचा रस्ता धरला की पुढचे सगळे प्रश्न ‘कामगाराचं कोण?’ याच भाषेत विचारावे लागतात.

२४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली, १९५४ मध्ये मुंबईत आली. १९५८ पासून कुटुंबांनाही टप्प्याटप्प्यानं उपचार मिळू लागले, आणि ‘कुटुंब’ या शब्दाला वजन आलं. जुन्या व्याख्येत कुटुंब म्हणजे जोडीदार, अवलंबून असलेली अल्पवयीन मुलं, आणि विमाधारक पुरुष असेल तर त्याचे अवलंबून आईवडील. बाई कामगार असेल तर तिच्या आईवडिलांचा उल्लेख नाही. ती सासरी गेली, तिच्या आईबापांना भाऊ बघेल, असा त्यामागचा हिशोब दिसतो.

मुलाचा हिशोबही त्या काळातल्या अंबरनाथसारख्या गावात बरोबर बसत होता. इथे विम्कोची काडेपेट्यांची फॅक्टरी होती, धरमसी मोरारजींचा रसायनांचा कारखाना होता. कारखान्याच्या गावात मुलगा अठराचा झाला की वडिलांनी साहेबांच्या कानावर घालायचं, वशिला लावायचा, आणि जमलं तर त्याला त्याच गेटातून आत न्यायचं. तो आत गेला की त्याचं स्वतःचं कार्ड निघायचं. बापाच्या कार्डावरून उतरणं आणि स्वतःच्या कार्डावर चढणं यांत फारसं अंतर नव्हतं. आणि लगेच उलटा प्रवास सुरू व्हायचा: म्हातारे आईवडील मुलाच्या कार्डावर यायचे. कायद्यातलं कुटुंब म्हणजे जिन्यासारखं होतं. एक पिढी उतरली की दुसरी चढायची, मध्ये कोणी लटकत राहील अशी कल्पना नव्हती.

१९८९ मध्ये कायदा बदलला. अठरानंतरही शिकणाऱ्या, पूर्णपणे पालकांच्या कमाईवर असलेल्या मुलाला किंवा मुलीला एकवीसपर्यंत उपचार मिळू लागले. अविवाहित मुलीला, ती पालकांच्याच कमाईवर असेल तर, वयाची अटच राहिली नाही. अपंगत्व किंवा मानसिक आजारामुळे अवलंबून असलेल्या अपत्यालाही मर्यादा नाही. बाई कामगाराचे आईवडील व्याख्येत आले. गंमत म्हणजे याच वर्षी मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं. राज्यघटना म्हणाली, अठराला माणूस मोठा झाला. विम्याचा कायदा म्हणाला, शिकत असेल तर अजून तीन वर्षं लहानच. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

एकवीसच का? दहावी, बारावी आणि तीन वर्षांची पदवी असं मोजलं तर आकडा एकवीसच येतो. बी. ए., बी. कॉम. झालेला मुलगा एकविशीत मोकळा होतो. पण वसंतदादा पाटलांच्या सरकारनं महाराष्ट्रात विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली ती १९८३ मध्ये, म्हणजे या दुरुस्तीच्या सहा वर्षं आधी. इंजिनिअरिंग चार वर्षांचं. अठराव्या वर्षी प्रवेश घेतलेला मुलगा तिसरं वर्ष संपता संपता एकवीसचा होतो, आणि शेवटचं अख्खं वर्ष कार्डाशिवाय काढतो. कामगारांच्या घरात तर दुसराच रस्ता जास्त चालतो: दहावीनंतर डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला पदवी. तोही बाविशीतच संपतो, आणि मध्ये एखादं वर्ष गेलं तर तेविशीत.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या क्षेत्रात एखादा आकडा कोणीतरी, कधीतरी, त्या वेळच्या गरजेनुसार थेट कोडमध्ये लिहून ठेवतो. मग पंचवीस वर्षं तो कोणी बदलत नाही, कारण त्यावर काय काय अवलंबून आहे हे कोणालाच नीट माहीत नसतं. कायद्यातला एकवीस मला तसाच वाटतो. त्यामागे वाईट हेतू नाही, उलट १९८९ मध्ये ती सुधारणाच होती. नंतर कोणी उघडून बघितलं नाही, एवढंच.

खरं तर एकदा उघडलं होतं. २०१० मध्ये याच कायद्यात पुन्हा दुरुस्ती झाली. विमाधारक कामावरच्या अपघातात गेला तर त्याच्या अवलंबितांना पेन्शन मिळतं. त्या ‘अवलंबित’ शब्दाच्या व्याख्येत मुलगा आधी अल्पवयीन असावा लागे, तो आता पंचवीसपर्यंत केला. म्हणजे चोविशीचा बेकार मुलगा अजून बापावरच असतो, हे संसदेला तेव्हा दिसलं होतं. पण उपचारांसाठीची ‘कुटुंब’ ही व्याख्या वेगळ्या कलमात आहे, आणि तिथला एकवीस तसाच राहिला. एकाच कायद्याची दोन पानं शेजारी ठेवून वाचा: बाप मेला तर चोविशीचा मुलगा त्याच्यावर अवलंबून होता; बाप जिवंत असेल तर नाही.

त्याच २०१० मध्ये अमेरिकेत ओबामांचा आरोग्य कायदा आला आणि तिथल्या पालकांच्या विम्यावर मुलांना सव्वीस पूर्ण होईपर्यंत राहता येऊ लागलं. मूल शिकतंय का, घरी राहतंय का, लग्न झालंय का, काहीही विचारायचं नाही. कारण साधं होतं. अमेरिकेत विम्याशिवाय राहणाऱ्यांत याच वयाची मुलं सगळ्यांत जास्त होती. कॉलेज संपलेलं, धड नोकरी लागलेली नाही. जर्मनीतही शिकणाऱ्या मुलाला पंचवीसपर्यंत पालकांच्या विम्यात घेतात, वेगळी वर्गणी न लावता. उलट बाजूचं अमेरिकेला जमत नाही: तिथल्या कंपनीच्या विम्यात कर्मचाऱ्याच्या आईवडिलांना सहसा जागा नसते. न्यू जर्सीतल्या मराठी घरात आईबाबा सहा महिने राहायला गेले की आधी त्यांचा प्रवासी विमा काढावा लागतो. आपल्याकडे आयटी कंपनीच्या पोर्टलवर आईवडिलांचे रकाने तयारच असतात आणि मुलांची मर्यादा बहुतेक ठिकाणी पंचवीस असते.

म्हणजे सरकारी बापाचा मुलगा पंचवीसपर्यंत, आयटीतल्या बापाचा बहुधा पंचवीसपर्यंत, आणि ज्याचा पगार महिना २१,००० च्या आत आहे त्याचा एकवीसपर्यंत. ईएसआयची पगारमर्यादा २०१७ पासून तेवढीच आहे. तिघांपैकी मुलाचा वेगळा विमा काढणं ज्याला सगळ्यांत जड जातं, त्याचीच मर्यादा सगळ्यांत खाली. १८,००० पगारावर कामगाराचे १३५ आणि मालकाचे ५८५, मिळून ७२० रुपये महिन्याला जातात. त्या बदल्यात जे मिळतं ते खासगी विम्यात मिळत नाही: बाह्यरुग्ण तपासणी, औषधं, आणि उपचाराच्या खर्चाला वरची मर्यादा नाही. ईएसआयच्या दवाखान्यातल्या रांगेला नावं ठेवणारे खूप आहेत आणि रांग खरोखर मोठी असते. पण त्या रांगेत उभं राहण्याचा हक्क गेला की त्याची किंमत कळते.

आता जिन्याची मधली पायरी बघू. पूर्वी बापाच्या कार्डावरून उतरला की मुलगा स्वतःच्या कार्डावर चढायचा. आज आयटीआय किंवा डिप्लोमा करून तो आधी अप्रेंटिस म्हणून लागतो. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली लागलेला मुलगा ईएसआयच्या व्याख्येत ‘कर्मचारी’ नाही. तो मशीनवर आठ तास उभा राहतो, गेटवर पंच करतो, पण त्याचा स्टायपेंड म्हणजे पगार नव्हे आणि त्याचं कार्ड निघत नाही. दुसरीकडे स्टायपेंड मिळतो म्हणून तो ‘पूर्णपणे पालकांच्या कमाईवर’ आहे असं म्हणणंही अवघड. अप्रेंटिस कायद्यात काम करताना अपघात झाला तर मालकानं भरपाई द्यायची तरतूद आहे. म्हणजे प्रेसमध्ये बोट गेलं तर कायदा आहे. कावीळ झाली, डेंगी झाला, बदलापूरच्या रस्त्यावर बाइक घसरली, तर नाही. आणि २०१६ पासून सरकार अप्रेंटिस घ्यायला कंपन्यांना प्रोत्साहन देतंय, तेव्हा ही पायरी लहान होण्याऐवजी लांबतेच आहे.

मुलीला वयाची अट नाही, हे वरवर उदार दिसतं. पण अट ‘अविवाहित’ या शब्दात आहे. तिशीतली लग्न न झालेली, न कमावणारी मुलगी वडिलांच्या कार्डावर राहते. तेविसाव्या वर्षी लग्न मोडून माहेरी परत आलेली ईएसआयच्या व्याख्येत कुठेच बसत नाही. केंद्र सरकारच्या नियमांत घटस्फोटित आणि विधवा मुलीही अवलंबित धरल्या जातात. इथेही तीच कथा, पूर्व आणि पश्चिम.

राज्यात आणखी एक कुटुंब आहे, ते रेशनकार्डावरचं. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य म्हणून ओळखली जाणारी योजना शिधापत्रिकेवरून कुटुंब ठरवते. तिथे मुलगा एकवीसचा की पस्तीसचा, शिकतो की बेकार, कोणी विचारत नाही. नाव शिधापत्रिकेवर आहे ना, झालं. २०२३ मध्ये राज्य सरकारनं तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत नेण्याचा आणि ती सगळ्यांना खुली करण्याचा निर्णय घेतला. कुटुंबाची मला पटलेली हीच व्याख्या, एका चुलीवर जेवतात ते. पण ही योजना ठरलेल्या यादीतल्या, मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करायच्या उपचारांची आहे. चार दिवसांचा ताप, रक्ताच्या तपासण्या, गोळ्या, यांना ती कामाला येत नाही. आणि बाविशीतल्या पोराला बहुतेक वेळा तेवढंच लागतं.

म्हणूनच ही चार वर्षं वाढवायला महामंडळाला फार मोठा खर्च येईल असं वाटत नाही. एकवीस ते पंचवीस हे विम्याच्या भाषेत सगळ्यांत स्वस्त वय. घरांना ते महाग पडतं, कारण एखाद्यालाच होतं पण झालं की अख्ख्या घराची बचत जाते, आणि असा धोका वाटून घेण्यासाठीच तर १९४३ मध्ये आडारकरांना बसवलं होतं.

२०२० मध्ये ईएसआय कायद्यासह नऊ कायदे एकत्र करून सामाजिक सुरक्षा संहिता झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. ‘कुटुंब’ या व्याख्येत एक नवी भर आहे: बाई कामगाराचे सासू-सासरेही आता अवलंबित पालकांत धरले जातील. म्हणजे या खेपेला व्याख्या कोणीतरी उघडून, शब्द न् शब्द वाचली होती. त्याच कलमात, दोन ओळी वर, शिकणाऱ्या मुलाचं वय लिहिलं आहे. एकवीस.

पूर्वेचा तो मुलगा ताप चढला की छाया रुग्णालयात किंवा उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात जातो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. खिडकीवर केसपेपर काढताना नाव, वय आणि पत्ता सांगायचा. वडील कुठे कामाला आहेत, हे तिथे कोणी विचारत नाही.