मुंबई इलाख्यांतील जंगलरक्षणाचें आद्य ठाणें : दापोडी

दापोडी हें गांव इतिहासवाचकांस आठवतें तें ता. ५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईमुळें. बाजीरावसाहेबांच्या चाकरींतील कॅप्टन फोर्ड याची पलटण येथेंच होती आणि ऐन प्रसंगीं ती इंग्रजांस जाऊन मिळाली. ह्याच फोर्डचा बंगला पुढें १८२८ सालीं गव्हर्नर माल्कम याने सरकारांत खरेदी केला व आवारांत वनस्पतींची बाग घातली, ही गोष्ट मात्र फारशी कोणी ध्यानांत घेत नाहीं.

१८३८ सालीं ही बाग डॉ. अलेक्झांडर गिब्सन ह्या स्कॉच वैद्याकडे आली. जुन्नरनजीक हिवरें येथेंही त्याच्या देखरेखीखालीं औषधी झाडांची लागवड होती. गिब्सन पुष्कळ हिंडे. कोंकणांतील डोंगर उघडे पडल्यामुळें झरे आटतात व खाड्या गाळानें भरतात, असें त्याने १८४६ च्या सुमारास सरकारास कळविलें. पुढील वर्षीं, म्हणजे १८४७ सालीं, त्यासच इलाख्याचा पहिला जंगल-काँझर्व्हेटर नेमण्यांत आलें. बागेचा कारभारही त्याच्याकडेच राहिला. अर्थात् दापोडी हें बागेबरोबर जंगलखात्याचेंही ठाणें झालें.

ह्या खात्याचा आरंभ १८६४ सालीं ब्रँडिस याच्या नेमणुकीपासून धरण्याचा प्रघात आहे. सबंध हिंदुस्थानापुरता तो ठीक. मुंबई इलाख्यास लावणें सरळ चूक होय. तेव्हां गिब्सन निवृत्त होऊन चार वर्षें लोटलीं होतीं. मलबारांत तर १८०६ सालींच कॅप्टन वॉटसन याची नेमणूक झाली होती. पण लोकांची ओरड होऊन मन्रोने ती जागा १८२३ सालीं मोडली.

तथापि झाडें राखण्याची कल्पनाच इंग्रजांनीं आणली, असें म्हणणाऱ्यांनीं रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र पहावें. आरमारासाठीं लांकूड हुजूरच्या परवानगीनें तोडावें, रयतेच्या आंबा-फणसांस हात लावूं नये, जीर्ण झाड घेणेंच झाल्यास धन्यास राजी करून व मोल देऊन घ्यावें, असा त्यांतील आशय आहे. गिब्सनची दृष्टि निराळी. डोंगर भाजून नाचणी पेरणारा कुमरीवाला त्यास जंगलाचा शत्रु वाटे. झऱ्यांविषयीं त्याचें म्हणणें खरें होतें. पण त्या डोंगरावर ज्याचें पोट, त्याची संमति घेण्याचें कलम त्याच्या व्यवस्थेंत दिसत नाहीं. १८६५ व १८७८ च्या कायद्यांनीं हा भेद पक्का केला.

दापोडीच्या बागेंतील झाडांचीं रंगीत चित्रें गिब्सनने एका एतद्देशीय चिताऱ्याकडून काढविलीं. तीं आज एडिंबरोच्या वनस्पतिबागेंत आहेत व नॉल्टी यांनीं तीं २००२ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. साहेबाचें नांव उरलें. चिताऱ्याचें कोठेंच नोंदलेलें नाहीं. बागेंत माळी, कारकून, शिपाई होते आणि त्यांचे रोजमुरे मोडींत लिहिले जात असावेत. पुणें-जुन्नरकडील कोणा संग्राहकाच्या दप्तरांत असा एखादा कागद असल्यास त्याची नक्कल मंडळाकडे अवश्य पाठवावी.