रफू केलेला आवाज

भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला तुटलेला धागा चटकन दिसतो. तुटलेला सूर मात्र मला उशिरा कळला. जुन्या गाण्यांच्या सीडी संगणकावर उतरवताना एका आलापात 'टक्' आले. प्लेअरवर तीच सीडी स्वच्छ वाजत होती.

फिलिप्स व सोनीने १९८० साली या तबकडीचे मानक ठरवले, ते ऐकणाऱ्यासाठी. सेकंदाला ४४,१०० नमुने, तेही सलग न लिहिता विखरून विणलेले. जोडीला रीड आणि सॉलोमन यांची १९६० ची संकेतपद्धती. त्यामुळे ओरखड्याने गेलेले आकडे बहुधा परत काढता येतात. नाहीच आले, तर प्लेअर शेजारच्या नमुन्यांवरून अंदाजाने जागा भरतो. रफूच तो! संगणकाच्या माहितीसाठी पुढे निघालेल्या सीडीत दुरुस्तीचा आणखी एक थर आला, कारण तिथे अंदाज चालत नाही. गाण्याच्या सीडीला तो थर नाही.

श्रोत्याची सोय होते, दस्तऐवज जपणाऱ्याची फसगत. म्हणून मी मऊ फडक्याने सीडी मधून कडेकडे पुसली, वेग कमी केला आणि तोच तुकडा पुन्हापुन्हा वाचून ताडून पाहणारी आज्ञावली लावली. 'टक्' गेले. पुढे एका तानेत मात्र दोन वाचने काही केल्या जुळेनात. तो सेकंद मी वहीत टिपून ठेवला आहे. तिथला स्वर गायकाचा आहे असे मी लिहिणार नाही.