सांख्यिकीय नियंत्रण, सहसंबंधात्मक संशोधनातील

सांख्यिकीय नियंत्रण : प्रत्यक्ष प्रयोग शक्य नसताना दोन चलांतील सहसंबंधामागे कार्यकारणभाव आहे काय, हे तपासण्यासाठी इतर चलांचा प्रभाव गणिताने वेगळा काढण्याची पद्धती. प्रयोगात संशोधक इतर परिस्थिती स्वतः सारखी ठेवतो; येथे ती सारखी असती तर काय दिसले असते, याचा अंदाज बांधला जातो. आंशिक सहसंबंध व बहुचल समाश्रयण ही तिची प्रमुख साधने होत.

ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज उड्नी यूल यांनी १८९९ मध्ये इंग्लंडमधील सार्वजनिक मदतीवर जगणाऱ्या दरिद्री लोकांच्या संख्येतील बदलांचा अभ्यास या पद्धतीने केला. आपण दाखविलेली ‘कारणे’ काटेकोरपणे केवळ संबंध समजावीत, असा इशाराही त्यांनी तळटीपेत दिला होता. हूकर यांनी १९०७ मध्ये हवामान व पिके यांच्या अभ्यासात आंशिक सहसंबंध वापरला. रॉथॅमस्टेड येथील गहू व पाऊस यांवरील रॉनल्ड फिशर यांच्या १९२४ च्या निबंधाने या अभ्यासाला नवी दिशा दिली.

फिशर यांच्या पद्धतीच्या धर्तीवर आर. जे. कळमकर व व्ही. शठकोपन यांनी अकोला व जळगाव येथील सरकारी प्रायोगिक शेतांवरील कापसाचे उत्पन्न आणि पावसाची वाटणी यांविषयीचा अभ्यास १९४० मध्ये प्रसिद्ध केला. वऱ्हाडातील कोरडवाहू कापसाच्या बाबतीत हंगामातील एकूण पावसाचा आकडा पुरेसा ठरत नाही. पावसाळ्याच्या मध्यावरील झडीने काळ्या जमिनीत पाणी साचते व डवरणी-निंदण खोळंबते. बोंडे भरताना पावसाचा खंड नडतो. वेचणीच्या वेळचा पाऊस फुटलेला कापूस खराब करतो. म्हणून हंगामाचे भाग पाडून प्रत्येक भागातील पावसाचा परिणाम, इतर भागांतील पाऊस स्थिर मानून, पाहावा लागतो. वाण, खते व मशागत यांमुळे वर्षानुवर्षे संथपणे होणारा बदलही आधी वगळावा लागतो. कारण कालानुसार एकाच दिशेने बदलणाऱ्या दोन मालिकांत निरर्थक सहसंबंध दिसू शकतो, हे यूल यांनी १९२६ मध्ये दाखविले होते.

हाच प्रश्न पुढे अधिक गंभीर रूपात उभा राहिला. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाल्यानंतर त्याचा प्रसार आणि पश्चिम विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्या या गोष्टी एकाच काळात वाढल्या. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी केंद्र सरकारने २००६ मध्ये मदतयोजना जाहीर केली. त्याच वर्षी सृजित मिश्रा यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आत्महत्याग्रस्त कुटुंबांची तुलना अशी घटना न घडलेल्या कुटुंबांशी करण्यात आली. पहिल्या गटात कर्ज अधिक व बैलजोडी असण्याचे प्रमाण कमी आढळले. ग्रूएर व सेनगुप्ता यांनी २०११ मध्ये देशभरातील आकडेवारी व उपलब्ध अभ्यास तपासून, बीटी कापूस हे आत्महत्यांचे आवश्यक किंवा पुरेसे कारण ठरत नाही, असा निष्कर्ष काढला. कर्जपुरवठा, भाव व पाऊस यांसह एकूण परिस्थितीकडे त्यांनी लक्ष वेधले.

या पद्धतीला मर्यादा आहेत. जे मोजलेच नाही त्याचे नियंत्रण होत नाही. नातेवाइकांकडून किंवा सावकाराकडून तोंडी बोलीवर घेतलेली उसनवारी पुष्कळदा नोंदींत येत नाही. शिवाय कारण व परिणाम यांमधील दुवाच स्थिर मानल्यास कारण दिसेनासे होते. उदा., पीक बुडाल्याने कर्ज वाढते. तेव्हा कर्ज स्थिर मानून पीकबुडीचा परिणाम शून्य आला, तरी पीकबुडी निरुपद्रवी ठरत नाही. म्हणून कोणती चले स्थिर मानावयाची, हा निर्णय गणिताने नव्हे, तर शेतीच्या व समाजजीवनाच्या जाणकारीने घ्यावा लागतो.