कळकळ खरी, पुरावा खोटा

वृत्तपत्रांचा पक्षपात हा केवळ आपल्याच काळाचा रोग होय, असा समज सुशिक्षितांत रूढ आहे. इतिहास त्यास दुजोरा देत नाही.

१८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे पुण्यास निघाली. पहिल्याचे संपादक आगरकर, दुसऱ्याचे टिळक. त्या वेळी कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांस वेडे ठरवून त्यांचा छळ चालविला आहे, अशी वार्ता महाराष्ट्रभर पसरली होती. कारभारी माधवराव बर्वे यांच्या कारस्थानाचा पुरावा म्हणून काही पत्रे या संपादकांच्या हाती आली, व त्यांवर विसंबून त्यांनी बर्व्यांवर कडक टीका केली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. पत्रे बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी प्रकट केली, तरी जुलै १८८२ मध्ये दोघांस चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते सुटले, तेव्हा लोकांनी त्यांचा जयजयकार केला. मात्र त्या जयघोषात बनावट पत्रांचा विसर पडला.

महाराजांविषयीची चिंता निराधार नव्हती. डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगर येथे स्थानबद्ध असता गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. तथापि त्यामुळे ती पत्रे खरी होत नाहीत, की बर्वे दोषी ठरत नाहीत. आपला पक्ष न्यायाचा आहे, या खात्रीनेच मनुष्य पुरावा तपासण्यात हयगय करतो.

याच प्रकरणाची दुसरी बाजूही स्मरणीय आहे. ‘केसरी’च्या संस्थापकांपैकी विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी जोतीराव फुले यांच्यावर ‘निबंधमाले’त बोचरी टीका केली होती. असे असूनही टिळक-आगरकरांस जामीन हवा होता, तेव्हा फुल्यांच्याच सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांची हमी भरली. मतभेद तीव्र होते. परंतु प्रतिपक्षाचा मनुष्य संकटात सापडला म्हणून आनंद मानण्याइतके ते खाली उतरले नव्हते.

आज आमच्या सावनेरचा संत्रा-बागाईतदार बाजारात उभ्या उभ्या दिल्लीची वार्ता हातातील यंत्रावर वाचतो, व क्षणात दहाजणांस धाडतो. म्हणजे जो तो संपादकच झाला आहे! तेव्हा बनावट पत्र ओळखण्याचे संपादकाचे कर्तव्यही आता प्रत्येकाच्या शिरी आले आहे. आणि वार्ता आपल्या पक्षास जितकी गोड, तितकी तिची पारख अधिक कठोर हवी.