अस्सल, नक्कल आणि मोर्तब : क्लोन केलेली हार्ड डिस्क सुरू का होत नाही?

१/ समजा, ऐन हंगामात दर्यापूरच्या एखाद्या अडत दुकानातील संगणक मंदावला. जुनी हार्ड डिस्क काढून नवी बसवायचे ठरले. क्लोनिंगच्या प्रोग्रामने जुन्या डिस्कची प्रत उतरवली आणि 'शंभर टक्के पूर्ण' असे कळवले. नवी डिस्क बसवून बटण दाबले, तर काळ्या पडद्यावर एकच ओळ : 'नो बूटेबल डिव्हाइस'. कापूस-तुरीचे सगळे हिशेब डिस्कवर आहेत, पण यंत्र मुके. या कोड्याचे उत्तर गेल्या चार दशकांच्या इतिहासात दडले आहे. (थ्रेड)

२/ मराठी दप्तरांच्या अभ्यासकांना 'अस्सल' आणि 'नक्कल' हे शब्द परिचित आहेत. सनदेची नक्कल अक्षरशः बरोबर असली, तरी केवळ मजकुरावर तिची किंमत ठरत नसे. शिक्का कोणाचा, अखेरीस मोर्तब आहे काय, दप्तरी नोंद आहे काय, हेही पाहिले जाई. संगणकही सुरू होताना असेच प्रश्न विचारतो. हे प्रश्न मात्र एकाच वेळी ठरलेले नाहीत. ते वेगवेगळ्या काळांत एकावर एक रचले गेले आहेत.

३/ आरंभ १९८१ चा. आयबीएमचा पहिला 'पर्सनल कॉम्प्युटर' त्या वर्षी ऑगस्टमध्ये आला, तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. त्याच्या चिपमध्ये कायमचा कोरलेला 'बायोस' हा प्रोग्राम फ्लॉपीवरील पहिले ५१२ बाइट वाचून कारभार त्यांच्याकडे सोपवी. पुढे काय आहे, याची बायोसला काहीच कल्पना नसे.

४/ १९८३ मध्ये १० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कसह 'पीसी एक्सटी' आला आणि डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर 'मास्टर बूट रेकॉर्ड' अवतरला. त्याचे ५१२ बाइट असे वाटलेले असतात : ४४६ बाइट प्रोग्रामसाठी, ६४ बाइट चार पार्टिशनच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे दोन बाइट ठरावीक खुणेसाठी. '५५' आणि 'एए' ही ती खूण. पत्राच्या शेवटी उमटणाऱ्या मोर्तबाप्रमाणे ती मजकुराची अखेर दाखवते. ती नसेल, तर बायोस साधारणपणे ती डिस्क बूट करण्यायोग्य मानत नाही.

५/ क्लोन फसण्याचे पहिले कारण येथेच सापडते. हे पहिले ५१२ बाइट कोणत्याही पार्टिशनच्या आत नसतात. ज्याने केवळ 'सी' ड्राइव्हची नक्कल केली, त्याने मजकूर आणला. मोर्तब जुन्या डिस्कवरच राहिले. कधी तक्त्यातील 'अ‍ॅक्टिव्ह' ही खूण सुटते. 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम' हा संदेश त्याच डॉसच्या काळातला. यावर उपाय म्हणजे विंडोजच्या दुरुस्ती डिस्कवरील 'बूटरेक'ने तो भाग पुन्हा लिहिणे आणि योग्य पार्टिशन अ‍ॅक्टिव्ह करणे.

६/ १९९५ मध्ये न्यूझीलंडच्या मरे हॅझर्ड यांनी 'घोस्ट' हा प्रोग्राम तयार केला. १९९८ मध्ये तो सिमँटेकने घेतला. एक यंत्र नीट रचायचे आणि त्याची प्रत इतरांवर उतरवायची, ही पद्धत त्यामुळे रूढ झाली. महाराष्ट्रात २००१ मध्ये 'एमकेसीएल' स्थापन झाले आणि 'एमएस-सीआयटी'मुळे तालुक्याच्या गावांपर्यंत संगणकवर्ग पोहोचले. एकसारखी अनेक यंत्रे सांभाळणाऱ्यांसाठी क्लोनिंग ही मोठीच सोय होती.

७/ दरम्यान दुसरा प्रश्न उभा राहिला होता : ओळखीचा. विंडोज एनटीच्या परंपरेत प्रत्येक डिस्कला चार बाइटची 'सिग्नेचर' असते. हुबेहूब क्लोनमध्ये तीही जशीच्या तशी उतरते. दोन्ही डिस्क एकत्र जोडल्या की एकाच नावाचे दोन दावेदार उभे राहतात. विंडोज त्यांपैकी एकीला बाजूस ठेवते किंवा तिची सिग्नेचर बदलते. व्हिस्टापासून बूटची नोंदवही याच सिग्नेचरवरून डिस्क शोधते. ती बदलली की नोंद निरर्थक ठरते. म्हणून क्लोन झाल्यावर यंत्र बंद करावे, जुनी डिस्क काढावी आणि मगच नवी प्रथम सुरू करावी.

८/ तिसरा प्रश्न वाटेचा. डिस्क जोडण्याची जुनी 'आयडीई' पद्धत मागे पडून 'एएचसीआय' व पुढे 'एनव्हीएमई' आली. क्लोनमधील विंडोजला नव्या वाटेचा ड्रायव्हर आरंभीच मिळाला नाही, तर निळ्या पडद्यावर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' दिसते. म्हणजे बूट सुरू झाले होते, पण मध्येच पायाखालची वाट हरवली. सेटिंगमध्ये पूर्वीची पद्धत परत निवडणे किंवा एकदा 'सेफ मोड'मध्ये सुरू करणे, हे येथील नेहमीचे उपाय.

९/ चौथा प्रश्न समजण्यासाठी वऱ्हाडातील शकुंतला रेल्वे आठवावी. दर्यापूरहून येणारी गाडी ७६२ मिलिमीटरच्या अरुंद रुळांवरून मूर्तिजापूरला पोहोचे. मुंबई-नागपूर मार्ग मात्र १६७६ मिलिमीटरचा. माल तोच, पण डबा पुढे जात नसे. इंटेलने इटेनियमसाठी आरंभलेली आणि २००५ पासून 'यूईएफआय' मंचाकडे आलेली व्यवस्था हे असेच रुंद रूळ. जुना पार्टिशन तक्ता सुमारे २ टेराबाइटपर्यंतच मोजू शकतो. 'जीपीटी' या नव्या तक्त्याला ती मर्यादा नाही. जुन्या तक्त्याचा क्लोन केवळ यूईएफआय जाणणाऱ्या यंत्रात बसवला, तर तो मूर्तिजापूरलाच थांबतो. २०१७ पासून विंडोज १० मध्ये तक्ता बदलणारे 'एमबीआर-टू-जीपीटी' हे साधन मिळते.

१०/ यूईएफआयने आणखी एक बदल केला. बूटची नोंद आता मदरबोर्डच्या स्मृतीतही राहते आणि ती विशिष्ट पार्टिशनच्या ओळखक्रमांकाशी बांधलेली असते. प्रत्यक्ष बूटच्या फाइली 'ईएफआय सिस्टिम पार्टिशन' या लहानशा, सहसा न दिसणाऱ्या भागात असतात. तो भाग क्लोन करायचा राहिला किंवा ओळखक्रमांक बदलला, तर डिस्क निर्दोष असूनही यंत्राला ती सापडत नाही. अशा वेळी 'बीसीडीबूट'ने फाइली व नोंद नव्याने तयार करता येतात.

११/ म्हणून निदानाचा क्रमही इतिहासासारखाच ठेवावा. बायोसच्या यादीत डिस्क दिसते काय? तक्ता जुना की नवा, आणि यंत्राची पद्धत त्याच्याशी जुळते काय? बूटचा भाग क्लोनमध्ये आला आहे काय? ओळख जुळते काय? शेवटी ड्रायव्हर. संदेश कोणत्या टप्प्यावर आला, यावरून दोष कोणत्या थरात आहे हे कळते.

१२/ या क्रमाला महत्त्व आहे, कारण घाईने केलेली चूक महाग पडते. क्लोन सुरू झाला नाही म्हणजे माहिती गेली, असे नव्हे. बहुतेक वेळा हिशेब, निकालपत्रे, छायाचित्रे नव्या डिस्कवर सुखरूप असतात. त्याच वेळी, 'शंभर टक्के पूर्ण' वाचून जुनी डिस्क पुसणे हा अविचार ठरतो. नक्कल स्वतःच्या बळावर उभी राहून तिच्यातील फाइली उघडेपर्यंत अस्सल जपून ठेवावी. दप्तरखान्यांनी हा नियम संगणकाच्या कितीतरी आधी पाळला होता.